क्लिक खरी निघाली पाहिजे

स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही. बारीक भोकातून पाहून नेम धरायचा. दुर्बिणीचा खेळ पाहायचा तर इंग्लंडमधलं बिस्ली गाठावं. तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर 1000 यार्डांवरून, म्हणजे 914 मीटरवरून, निशाणा साधतात. तिथेही जुने खेळाडू भोकवालेच. पण वय झालं की डोळे साथ देत नाहीत. कॅनडाच्या जॉर्ज फर्कहारसन यांनी दुर्बीण आणि टेकू या दोन्हींना मुभा देणारा प्रकार रुजवला. त्यांच्या नावातला 'एफ' घेऊन तो एफ-क्लास झाला. आता त्यात तरणी मंडळीही उतरतात.

दुर्बीण घ्यायला निघालेला नवखा पहिल्यांदा विचारतो, "किती एक्स?", म्हणजे किती पट मोठं दाखवते? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. नाइटफोर्स कंपनीची 15-55x52 ही एफ-क्लासमधली नावाजलेली दुर्बीण घ्या. 55 पट केलं की 52 मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत एक मिलिमीटरहूनही बारीक होतो, चित्र मंदावतं. त्यात ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उकळू लागते आणि लक्ष्य थरथरतं. जितकं मोठं दिसेल तितकं जास्त. मग 55 चे पैसे मोजलेला माणूस मुकाट 30 वर येतो. मुरलेले नेमबाज मात्र त्या थरथरीचाही उपयोग करतात. ती कुठे झुकते यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात.

खरा पैसा टरेटमध्ये, म्हणजे नेम वर-खाली सरकवणाऱ्या दुर्बिणीवरच्या फिरत्या बटणात जातो. .308 काडतुसाची गोळी 1000 यार्ड जाईपर्यंत दहा मीटरच्या आसपास खाली येते. तेवढं वर धरायचं काम टरेटचं. माप मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. 1000 यार्डांवर एक मिनिट साधारण 26.6 सेंटिमीटर, आणि पाच गुणांचं वर्तुळ जवळपास तेवढंच. या दुर्बिणीच्या टरेटची एक क्लिक, म्हणजे फिरवतानाचा एक टप्पा, मिनिटाचा आठवा भाग, म्हणजे तिथे जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर.

ती क्लिक खरी आहे का, हे तपासण्याची रीत साधी. 100 यार्डांवर उंच कागद लावायचा, ओळंब्याने सरळ रेघ मारायची. खालच्या ठिपक्यावर नेम धरून गोळी मारायची, टरेट 30 मिनिटं फिरवायचा आणि नेम त्याच ठिपक्यावर ठेवून पुन्हा मारायची. दुसरं भोक रेघेवरच, सुमारे 80 सेंटिमीटर वर पडायला हवं. पुन्हा शून्यावर आणलं की गोळी पहिल्या जागी. दोन टक्क्यांची तूट एकवेळ चालते, ती सामन्याआधीच्या चाचणीच्या गोळ्यांत भरून काढता येते. आज एक आणि उद्या दुसरंच सांगणारा टरेट मात्र काही कामाचा नाही.

भोक रेघेच्या बाजूला सरकलं, तर दुर्बीण तिरकी बसली आहे. एका अंशाचा तिरकेपणा 1000 यार्डांवर गोळी साधारण 15 सेंटिमीटर बाजूला नेतो, आणि दोष वाऱ्यावर जातो.

डोळा हलला की दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकते, तो पॅरॅलॅक्स. तो घालवणाऱ्या गोल बटणावर छापलेल्या आकड्यांवर फार विसंबू नये. गाल जागेवरून थोडा हलवून पाहावं. फुली लक्ष्यावर तरंगली, तर बटण अजून फिरवायचं.

राहिला वजनाचा प्रश्न. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात रायफल, दुर्बीण आणि बायपॉड (दोन पायांचा टेकू) मिळून 8.25 किलोच्या वर जाता येत नाही. भारी दुर्बीण बसवायची तर बाकीच्या रायफलीचं वजन तेवढं कमी करावं लागतं, आणि बहुधा बॅरल बारीक करायची कुणाचीच तयारी नसते.