तुरुंगाचाही अभ्यास करावा

हस्ताचा पाऊस झाला, की परंडा तालुक्यात ज्वारीच्या पेरणीची गडबड उडते आणि तिच्याबरोबरच बांधाची भांडणेही उकरून निघतात. नांगर बांधाला हातभर जास्त लागला, कुणी पाट फोडला, वाटेवर काट्या टाकल्या, एवढ्यावरून काठ्या निघतात. मग फिर्याद होते, कर्ता माणूस कोठडीत जातो आणि ऐन पेरणीत घरातली बाई कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून राहते. काय झाले असे विचारले, तर "तारीख पडली" एवढेच तिला सांगता येते. कसली तारीख, पुढे काय व्हायचे, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

तुरीवर अळी पडली, तर आपण चार ठिकाणी विचारतो. कोर्ट आणि तुरुंग म्हटले, की मात्र विचारायची लाज वाटते. त्या लाजेचे पैसे पुष्कळ घरांनी जमीन गहाण टाकून मोजलेले आहेत. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींना सांगणे असे, की या विषयाचाही घरच्या घरी अभ्यास करावा. त्याला कॉलेजात जावे लागत नाही. एक शंभर पानी वही, घरातली दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा सून आणि दिवेलागणीनंतरचा एक तास पुरे.

आधी शब्द शिकावेत. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमात लिहिले आहे, आणि राज्यघटना मराठीत छापलेली मिळते. पोलीस कोठडी वेगळी आणि न्यायालयीन कोठडी वेगळी. पहिलीत तपासासाठी माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो, दुसरीत तो तुरुंगात जातो. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क येतो. मात्र तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आधी मागावा लागतो. गप्प बसलेल्याचा हक्क निघून जातो. जामीनदार उभा राहतो, तेव्हा कोर्ट त्याची ऐपत पाहते. गावाकडे त्यासाठी सातबारा पुढे करतात. भिडेखातर सातबारा देणाऱ्याने समजून घ्यावे, की आरोपी पळाला तर रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते.

इथे एक सावधगिरी हवी. कपाटातले जुने कायद्याचे पुस्तक काढून अभ्यासाला बसू नये. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे आले. पारावर "तीनशे दोन लागले" असे अजून म्हणतात. पण त्या दिवसापासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे १०३ वे कलम लागते. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी संहिताच लागते, म्हणून घरात एखादी जुनी केस असेल तर वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

नव्या कायद्यातले एक कलम तर ठळक अक्षरांत लिहावे. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांपैकी सुमारे तीन जणांचा निकालच लागलेला नसतो. त्यांना कच्चे कैदी म्हणतात. अशा कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेची निम्मी मुदत आत काढली असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश मुदत पुरते. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ही सवलत नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही. मुदत भरली, की कोर्टाला कळवण्याचे काम तुरुंगाच्या अधीक्षकांवर सोपवले आहे. तरीही घरच्यांनी बोटांवर महिने मोजत राहावे, असे मला वाटते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी हातपाय गाळू नयेत. बिहारच्या तुरुंगात काही कच्चे कैदी त्यांच्या गुन्ह्याला होणाऱ्या शिक्षेपेक्षाही जास्त काळ पडून होते. त्यांचे प्रकरण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने बजावले, की गरिबाला वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना उत्पन्नाचा दाखला न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

शिक्षा लागल्यानंतरचा अभ्यास आणखी वेगळा. गावात कैदी सुटीवर आला, की सगळे त्याला पॅरोलच म्हणतात. खरे तर रजा दोन प्रकारच्या. आजारपण, मयत अशा कारणाने मिळते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. ठरावीक शिक्षा चांगल्या वर्तनाने भोगल्यावर मिळते ती संचित रजा, म्हणजे फर्लो. तिला घरी काही संकट असावे लागत नाही. हे न कळल्यामुळे माणसे खोटी आजारपणे लिहून देतात आणि अर्ज फेटाळून घेतात.

आता शेतकऱ्याला सर्वांत जवळचा वाटेल असा धडा. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये ती सुरू केली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची कल्पना होती. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेल्या कैद्यांना उंच भिंतीआड न कोंडता जमीन कसायला द्यायची आणि बायकामुलांसह राहू द्यायचे, असा तो प्रयोग. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी मुलखातले. चित्रपट पुष्कळांनी पाहिला, पण ती जागा खरी आहे आणि आपल्याच राज्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मला त्यातली शेती महत्त्वाची वाटते. पेरलेले रान सोडून पळून जाणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. शिवाय बायकामुले जवळ असली, की सुटल्यावर घर नव्याने जोडायला लागत नाही. पुढे महाराष्ट्रात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहे झाली. तिथेही कैदी शेती करतात आणि त्यांना शिक्षेत जास्त सूट मिळते. घरचा माणूस बंद तुरुंगात असेल आणि त्याचे वर्तन चांगले असेल, तर खुल्या कारागृहासाठी त्याचा विचार कधी होईल, हे भेटीच्या वेळी विचारून घ्यावे.

ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पुस्तके पाहावीत. फौजदारी न्यायव्यवस्थेवर या विद्यापीठाची पदवीनंतरची पदविका आहे. प्रवेश न घेताही बरेचसे पाठ 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. भाषा मात्र बहुधा इंग्रजी, काही ठिकाणी हिंदी. म्हणून एकीने वाचावे आणि बाकीच्यांना मराठीत सांगावे. केसची तारीख पाहण्यासाठी 'ई-कोर्ट्स' हे मोबाइलवरचे ॲप आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, की तारखेसाठी कुणाच्या पाया पडावे लागत नाही.

आतल्या माणसालाही शिकता येते. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याच मुक्त विद्यापीठाचे केंद्र आहे, आणि कैद्यांकडून शिक्षणाची फी घेतली जात नाही. पुढच्या भेटीला जाल, तेव्हा आपल्या माणसाच्या तुरुंगात काय सोय आहे ते विचारा, आणि नाव घालायचे असेल तर त्याचा शाळेचा दाखला बरोबर न्या.