आंब्याच्या मोहोराची साप्ताहिक नोंद

अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १९०४ सालापासून घेतले जात आहेत. तत्पूर्वी हे कार्य मुंबईस कुलाब्याला चाले. तेथे विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे वेध दूषित होणार, म्हणून नवी जागा शोधण्यात आली. तथापि जुने काम एकदम बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, आणि मगच कुलाब्याची नोंद थांबली. साखळी तुटू नये एवढ्यासाठी हा खटाटोप!

आंब्याच्या बाबतीत आपण इतकी दक्षता घेत नाही. पाऊस लांबला किंवा थंडी उशिरा पडली, की हापूस मोहोराऐवजी पालवी धरतो हे बागायतदारांस ठाऊक आहे. पण मोहोर किती दिवस मागे पडला, असे चौघांस विचारल्यास चार उत्तरे मिळतात. कारण लिहून कोणीच ठेवलेले नसते.

ही उणीव भरून काढणारा ‘सीझनवॉच’ हा देशव्यापी उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. स्वयंसेवक एक झाड निवडतात, दर आठवड्यास ते पाहतात आणि नोंद मोबाइलवरून पाठवितात. केरळातील शाळकरी मुलांनी यात मोठा वाटा उचलला आहे. आपल्याकडील शाळांनाही हे अवघड नाही.

झाड जाण्यायेण्याच्या वाटेवरचे घ्यावे. दूरच्या कलमाकडे पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. पाने कोवळी की जून, मोहोर कळीत की उमललेला, फळे कच्ची की पक्की, हे पाहून प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडे’ वा ‘पुष्कळ’ एवढेच लिहावयाचे असते. यांतील ‘नाही’ची नोंद लोक हमखास गाळतात. वस्तुतः पाच आठवडे ‘नाही’ लिहिलेले असेल, तरच सहाव्या आठवड्याच्या ‘थोडे’वरून मोहोराचा आरंभ ठरतो. एरवी तो आपल्या दृष्टीस केव्हा पडला, एवढेच कळते.

बागेत मोबाइलला संपर्क मिळत नसल्यास वहीत तारखेसह लिहावे व घरी आल्यावर त्याच तारखेने पाठवावे. अशा वह्या ग्रामसेवकांनी पंचायतीच्या जैवविविधता समितीच्याही नजरेस आणाव्यात. २००२ च्या कायद्यान्वये लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याचे काम तिच्याकडेच आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडातील असंख्य झाडे उन्मळून पडली. नोंदीतले झाड असे गेल्यास शेजारचे झाड नव्याने नोंदवावे. त्याची माहिती जुन्या झाडाच्या नावावर चढवू नये.