आजारी किती हे पुरेसे नाही. किती जणांपैकी किती, हे विचारा

जुलै महिना. भातलावणी जोरात. नेरळहून कळंबकडे जाताना पोशीरच्या आसपासची सगळी खाचरे पाण्याने भरलेली असतात. नदी गढूळ वाहते आणि विहिरी काठापर्यंत येतात. याच दिवसांत कुठल्यातरी वाडीत जुलाब-उलट्यांचे दोन-तीन रुग्ण निघतात. चौथ्या दिवशी दहा होतात. मग गाडी येते, सलाईन लागतात, विहिरीत टीसीएल पडते, फोटो निघतात. आठवड्याने सगळे शांत होते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच वाडी पुन्हा आजारी पडते.

कर्जत-खालापूर भागात सामाजिक काम करताना अशा प्रसंगानंतरच्या बैठकांत एक वाक्य मी अनेकदा ऐकले आहे : "त्या वाडीचे लोकच घाण राहतात, म्हणून आजार होतो." हे वाक्य बोलायला पुरावा लागत नाही. ते खोडून काढायला मात्र पुरावा लागतो आणि आपल्या हातात तो बहुतेक वेळा नसतो. तो कसा गोळा करायचा, हे शिकवणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. इंग्रजीत एपिडेमिऑलॉजी. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हे शास्त्र का शिकावे आणि वाडी-वस्तीवर ते कसे वापरावे, यासाठी हा लेख.

डॉक्टर रुग्ण पाहतो, हे शास्त्र वस्ती पाहते

डॉक्टरसमोर एक माणूस असतो. त्याला काय झाले आणि औषध कोणते, हा त्यांचा प्रश्न. साथरोगशास्त्रासमोर अख्खी वस्ती असते. तिथे तीन साधे प्रश्न विचारले जातात : आजार कोणाला झाला? कुठे झाला? कधी झाला? या तीन उत्तरांतून चौथ्या प्रश्नाकडे जाता येते : यांनाच का झाला, इतरांना का नाही?

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात कॉलऱ्याने शेकडो माणसे मेली. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. दुर्गंधीयुक्त हवेने आजार होतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले होते, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. स्नो यांनी आपला पुरावा स्थानिक समितीपुढे ठेवला आणि पंपाचा दांडा काढला गेला. जंतू दिसला नव्हता, तरी त्याची वाट अडवता आली. या शास्त्राची ताकद इथे आहे.

हे जुने झाले म्हणू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. एरवी तुरळक दिसणारा हा आजार, त्यात हातापायांतले बळ जाते. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. रुग्णांचे पत्ते एकत्र पाहिल्यावर ते एकाच पट्ट्यात दाटलेले दिसले, म्हणून संशय पाण्यावर गेला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. आधी पत्ते मांडले, मग प्रयोगशाळेने दुजोरा दिला.

एक हिशेब करून पाहू

समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावठाणात १२०० लोक, त्यांपैकी ३६ आजारी. वाडीत ३०० लोक, त्यांपैकी १८ आजारी. बातमीत काय येईल? "गावठाणात सर्वाधिक रुग्ण." टँकर आणि पथक तिकडेच जाईल.

आता भागाकार करा. गावठाणात १०० पैकी ३ आजारी. वाडीत १०० पैकी ६. म्हणजे धोका वाडीत दुप्पट आहे. नुसत्या आकड्याने तो लपवला, दराने उघड केला. म्हणून पहिला नियम : किती आजारी एवढेच विचारू नका, किती जणांपैकी किती आजारी, हे विचारा.

पुढे जाऊ. वाडीतली निम्मी घरे विहिरीचे पाणी पितात, निम्मी हातपंपाचे. विहिरीच्या १५० जणांत १६ आजारी, हातपंपाच्या १५० जणांत २. विहीरवाल्यांचा धोका आठपट निघाला. दोन्हीकडची माणसे एकाच वाडीची, एकाच जातीची, तशाच घरांत राहणारी. "लोकच घाण राहतात" हे कारण इथे टिकत नाही.

कोणी म्हणेल, परवा साखरपुड्याचे जेवण होते, त्यातूनच झाले. विचारपूस केली तर १८ पैकी १२ रुग्ण तिथे जेवलेले निघतात. सापडला गुन्हेगार? थांबा. आजारी न पडलेल्या २८२ जणांनाही विचारा. त्यांतले १८८ जण जेवलेले होते. म्हणजे आजारी असोत की धडधाकट, दोन्हीकडे दर तिघांपैकी दोघे जेवले होते. जेवणाकडे बोट दाखवायला आधार उरत नाही. दुसरा नियम : फक्त आजाऱ्यांना विचारून कारण सापडत नाही, निरोग्यांनाही विचारावे लागते. हा नियम पाळला नाही की साथीत हमखास एखाद्या गरीब घराचा किंवा वस्तीचा बळी जातो.

तिसरा नियम आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. भागाकारात खालचा आकडा खरा हवा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीत प्रत्यक्ष ८० माणसे असताना कागदावरच्या ३०० ने भागले, तर आजाराचा दर फसवा, कमी दिसतो. भट्टीवर आजारी पडलेले किंवा दगावलेले मूल ना या गावच्या वहीत येते, ना त्या गावच्या. नोंदच नसेल तर उपायही त्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

मोठ्या संस्थेशिवाय हे काम होत नाही, असे वाटत असेल तर रायगडकडेच पाहा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसे, त्यांत कित्येक लहान मुले, त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या : घाम कधी सुटला, नाडी कशी बदलली, हातपाय कधी गार पडले, फुप्फुसात पाणी कधी भरले. त्या नोंदींतून दिसले की मृत्यू हृदय आणि फुप्फुसावरच्या परिणामाने होतो. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले २५ ते ४० जण दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. एक आडगावचे केंद्र, एक वही आणि चिकाटी, एवढ्या बळावर हे झाले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बाळांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही गृहभेटींची पद्धत आली. तुलनेची ४७ गावे नसती, तर कोणीही म्हटले असते : "रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणून बाळे वाचली." तुलना होती म्हणूनच सरकारला ऐकावे लागले.

शुद्ध आणि स्वच्छ

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी मंत्र म्हणत त्यात ओतल्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर पाणी घाण झाले ते त्या दिवशी. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडते, हा समज आणि शेणामुतातल्या जंतूंनी पाणी बिघडते, हे वास्तव, यांतला फरक मोजता येतो. मोजणी जात पाहत नाही. पण मोजणी वस्तीनिहाय केली नाही, तर गावाच्या सरासरीत आपली वस्ती गडप होते. गावाला हिरवे कार्ड मिळते आणि शेवटच्या वाडीची विहीर तशीच राहते.

आपण काय करू शकतो

सरकारी यंत्रणा आहे. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. आरोग्यसेवक, वैद्यकीय अधिकारी आणि प्रयोगशाळा, तिन्ही पातळ्यांवर नोंद होते. ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे सर्वेक्षण होऊन जोखमीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आपले काम या यंत्रणेला समांतर दवाखाना काढण्याचे नाही. ती जिथे पोहोचत नाही तिथली खबर तिला वेळेत, नीट मांडून देण्याचे आहे.

१. पावसाआधी नकाशा काढा. वाड्या, घरे, विहिरी, हातपंप, नळाच्या गळत्या, शौचालयांचे खड्डे, सगळे एका कागदावर. प्रत्येक घरात आज प्रत्यक्ष किती माणसे राहतात, तेही लिहा.

२. साथ लागली की वही उघडा. प्रत्येक रुग्णाची एक ओळ : वय, स्त्री की पुरुष, वस्ती, त्रास कधी सुरू झाला, पाणी कुठले, कुठे जेवले. तारखेप्रमाणे रुग्ण मांडा. एकाच दिवशी उसळी असेल तर कारण एका वेळचे असू शकते. रोज थोडे थोडे वाढत असतील तर स्रोत अजून चालू असण्याची शक्यता जास्त.

३. उपचार थांबवू नका. एकाच वस्तीत दोन-तीन रुग्ण दिसले की त्याच दिवशी आशाताई आणि आरोग्य केंद्राला कळवा. जलसंजीवनी लगेच सुरू करा. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने. मूल सुस्त पडले, पाणीही पीत नसेल किंवा शौचात रक्त असेल तर थेट रुग्णालय गाठा.

४. नमुना आधी, टीसीएल नंतर. विहिरीत टीसीएल पडल्यावर घेतलेला नमुना स्वच्छच येणार आणि पुरावा जाणार. आरोग्य कर्मचाऱ्यांना आधी नमुना घ्यायला सांगा, पण त्यासाठी शुद्धीकरण दिवसभर अडवू नका. नंतर ओटी टेस्टने नळाच्या टोकाला क्लोरीन आहे का ते पाहा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टाकीजवळ पिवळा रंग आला आणि शेवटच्या घरात आला नाही, तर ते लिहून ठेवा.

५. नावे जपा. रुग्णांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मासिक पाळी, क्षयरोग, एचआयव्ही, दारू यांबद्दलची माहिती बाहेर गेली तर एखाद्या घराचे आयुष्य विस्कटते. ग्रामसभेत आकडे मांडा, नावे नकोत.

आणि एक सावधगिरी. आपला हिशेब संशय दाखवतो, निवाडा देत नाही. अठरा रुग्णांच्या वहीतून चूकही होऊ शकते. म्हणून "विहीरच दोषी" असे ओरडण्याऐवजी "विहिरीचे पाणी पिणाऱ्यांत आजार आठपट आहे, तपासणी करा" असे लेखी द्या. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही शिकवण आपल्याला आहेच. ती आपल्या आवडत्या निष्कर्षालाही लावली पाहिजे.

जयंतीला आपण रक्तदान शिबिर घेतो, आरोग्य तपासणी घेतो. चांगलेच आहे. यंदा त्यासोबत प्रत्येक वस्तीतून दोन मुले-मुली निवडा, त्यांच्या हातात एक वही द्या आणि मे महिन्यातच विहिरी मोजायला लावा. पुढच्या बैठकीत कोणी "ते लोकच घाण राहतात" म्हणाले, तर चिडून उठायची गरज पडणार नाही. वही उघडून समोर ठेवता येईल.