ठणका थांबतो तेव्हा
दंतविचार : लेखांक सहावा

दातावरच्या कवचाची झीज कशी होते याचा विचार मागील लेखांकात झाला. ही झीज आत सरकत दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली म्हणजे जे दुखणे सुरू होते, ते दुखणे आणि त्यावरील ‘रूट कॅनल’ हा उपचार या लेखांकाचा विषय आहे. या दुखण्याबाबत मराठीत ‘कीड’ आणि ‘नस’ हे दोन शब्द सर्रास वापरले जातात, आणि दोन्ही शब्द थोडी दिशाभूल करणारे आहेत. दात किडा पोखरतो ही समजूत फार जुनी असून सुश्रुतसंहितेतही ‘कृमिदंतक’ नावाचा दंतरोग सांगितलेला आहे. फ्रान्समधील दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या किड्याची कल्पना नाकारली, तरी भाषेने मात्र ती सोडली नाही. दात पोखरते ते तोंडातील जंतूंनी साखरेपासून बनवलेले आम्ल.

कवच म्हणजे एनॅमल हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचे बनलेले असते, आणि त्यात मज्जातंतू नसल्याने कीड कवचापुरती असेतो काहीच कळत नाही. त्याच्या आतील डेंटिन या थरात केसाहून कितीतरी बारीक अशा असंख्य नलिका असतात, त्यांतील द्रव गार-गरम स्पर्शाने हलला की आतले मज्जातंतू चेततात. गिरगाव चौपाटीवर बर्फाचा गोळा ओठांना लावताच उठणारी आणि तो दूर करताच विरणारी शिवशिव ती हीच. कळ अशी क्षणभराची असेपर्यंत गाभा सावरण्याजोगा असतो, आणि कीड कोरून सिमेंट भरले की बहुधा भागते.

गाभा, ज्याला दंतवैद्य पल्प म्हणतात आणि रुग्ण ‘नस’, तो रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊतक यांचा मिळून झालेला असतो. अन्यत्र सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. गाभा मात्र चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असून त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून होत असल्याने सुजेचा दाब आतल्या आतच वाढत जातो. आडवे पडल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब किंचित वाढतो, म्हणून दिवसा सोसवणारी दाढ अंथरुणाला पाठ टेकताच ठणकू लागते. सूज फार पुढे गेली की गरम चहाने कळ उसळते आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली असता निवते. गार पाण्याची बाटली हातात घेऊन, दर दोन मिनिटांनी घोट धरत बसलेला रुग्ण दिसला की अर्धे निदान दारातच होते. दुखणारी दाढ वरची की खालची, हेही पुष्कळदा रुग्णाला सांगता येत नाही आणि तो कान दुखत असल्याची तक्रार करतो. मात्र हे दुखणे चेहऱ्याची मधली रेषा सहसा ओलांडत नाही.

यानंतर एखाद्या सकाळी ठणका आपोआप थांबतो, आणि नेमकी हीच अवस्था सर्वांत फसवी असते. रुग्ण त्याचे श्रेय लवंगेला, गोळीला किंवा नवसाला देतो, पण प्रत्यक्षात गाभा मेलेला असतो. मेलेल्या गाभ्यात जंतू निर्वेध वाढतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. मग केव्हातरी तो दात उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावताना लागतो, हिरडीवर पुवाची पुळी येते. प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी ही सूज काही काळ ओसरली तरी मूळ दोष जात नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या गाभ्यात रक्त पोहोचतच नाही. सूज जबड्याखाली उतरून गिळणे किंवा तोंड उघडणे कठीण झाले, तर मात्र रुग्णालय गाठण्यास एक रात्रही थांबू नये.

रूट कॅनल म्हणजे ही आतली खोली आणि तिच्यापासून मुळांत उतरणारे मार्ग साफ करून बंद करणे होय. भूल देऊन दाताच्या माथ्यावर भोक पाडले जाते आणि बारीक कानशींनी, म्हणजे फाइलींनी, एकेक मार्ग घासला जातो. या फाइलींच्या मुठींचे रंग जगभर ठरलेले आहेत: पांढरी १५ क्रमांकाची, पिवळी २०, लाल २५, आणि १५ याचा अर्थ टोकाची जाडी ०.१५ मिलिमीटर. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन मार्ग असतात, वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार, आणि तो चौथा सापडेपर्यंत मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या संयमाची परीक्षाच होते.

वापरली जाणारी द्रव्ये मात्र रुग्णाला वाटतात तितकी परकी नाहीत. मार्ग धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे कपड्यांचे डाग घालवणाऱ्या ब्लीचमधील तेच द्रव्य. दोन भेटींच्या मध्ये आत भरून ठेवतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावण्याचा चुनाच, अर्थात शुद्ध केलेला. त्याच्या तीव्र अल्कतेत बहुतेक जंतू टिकत नाहीत. वरून तात्पुरते जे सिमेंट लावतात, ते बहुधा झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत युजेनॉल घोटून केलेले असते, आणि युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक असल्याने दवाखान्यात शिरताच जो वास येतो, तो लालबागच्या मसाल्याच्या बाजारात येणाऱ्या वासाचा सख्खा भाऊ असतो. दाढेखाली लवंग धरायला सांगणाऱ्या आजीचे औषध खरेच होते. फक्त ते कळ बधिर करते, जंतू असलेला गाभा काढू शकत नाही.

साफ झालेला मार्ग शेवटी गटापर्चाने भरतात. हा मलाया प्रदेशातील एका झाडाचा चीक असून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर पाणी आत शिरू नये म्हणून त्याचेच वेष्टण असे. सुएझ आणि एडनमार्गे १८७० मध्ये मुंबईपर्यंत आलेली तार याच चिकात गुंडाळलेली होती. ऊब लागली की मऊ होणे, थंड झाले की घट्ट बसणे आणि ओलीत न कुजणे हे गुण तारेला उपयोगी पडले, तसेच ते दाताच्या मुळालाही पडतात.

एवढे झाल्यावर दुखणे संपते आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ रुग्ण परत येत नाहीत, कारण त्यानंतर दाढेवर बसवायच्या कॅपचा, म्हणजे कृत्रिम आवरणाचा, खर्च वेगळा असतो आणि दात तर दुखत नसतो. परंतु कीड, भोक आणि कोरणे यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती पातळ झालेल्या असतात, आणि गाभा नसल्यामुळे आत चीर पडत असल्याची सूचना देणारे कोणी उरलेले नसते. अशा दाढेखाली दिवाळीच्या फराळातील चकलीचा एक कडक तुकडा आला तरी ती उभी चिरू शकते, आणि चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढावीच लागते.