भागवंतीनं आज काय ठरवलं?

 

आज एका जुन्या मालिकेबद्दल बोलू. मालिकेचं नाव ‘हम लोग’. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना नाव ऐकल्याबरोबर त्यातले चेहरे आठवतील. आमच्यासारख्या नंतर जन्मलेल्यांनी मात्र ती फक्त आईच्या नाहीतर आत्याच्या तोंडून ऐकलेली. गावात एखादाच टीव्ही, आणि तो ज्यांच्याकडे त्यांच्या ओसरीवर सगळी आळी गोळा व्हायची, एवढंच आम्हाला ठाऊक. गेल्या पावसाळ्यात शेतातली कामं थोडी उरकल्यावर आमच्या गावातल्या गटांनी मिळून या मालिकेचे भाग डीव्हीडीवर पाहिले. त्यातून काय हाती आलं ते सांगायचं आहे. आधी मालिका काय होती ते थोडक्यात बघू.

‘हम लोग’चा पहिला भाग ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर लागला. पुढे सतरा महिने, डिसेंबर १९८५ पर्यंत, ती चालली. एकूण १५६ भाग झाले. एकाच कुटुंबाची इतकी लांब गोष्ट आपल्या देशात टीव्हीवर तोवर कुणी दाखवली नव्हती. लिहिणारे मनोहर श्याम जोशी आणि दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. गोष्ट उत्तरेकडच्या शहरातल्या बेताच्या कमाईच्या घरातली. बाप बसेसर राम दारूडा. आई भागवंती. घरात आजोबा आणि आजी. मोठा मुलगा लल्लू नोकरीच्या शोधात, धाकटा नन्हे क्रिकेटच्या वेडात. बहिणी तीन. बडकी कष्टाळू, समाजाच्या कामात पुढे. मझलीला सिनेमात जायचं आहे. छुटकीला डॉक्टर व्हायचं आहे. यातलं एखादं माणूस आपल्या घरात किंवा शेजारी नाही असं म्हणणारी बाई आम्हाला तरी भेटली नाही.

आता ही मालिका सरकारी दूरदर्शनला का करावीशी वाटली? त्याचं मूळ मेक्सिको देशात आहे. तिथे मिगेल साबिदो नावाच्या माणसानं १९७० नंतरच्या काळात एक रीत बसवली. लोकांना भाषण नको असतं, गोष्ट हवी असते, तर शिकवायचं ते गोष्टीतूनच शिकवू, असा तो विचार. तिथे प्रौढ साक्षरतेवर मालिका झाली, कुटुंब नियोजनावर झाली. १९८२ च्या मेक्सिको भेटीतून ही कल्पना आपल्याकडे आली असं सांगतात, आणि त्यात वसंत साठे यांचं नाव घेतलं जातं. ते तेव्हा केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, आपल्या वर्ध्याचे खासदार.

साबिदोची रीत समजायला सोपी आहे. गोष्टीत तीन तऱ्हेची माणसं ठेवायची. एक, चांगलं वागणारी, त्यांचं पुढे भलं होतं. दुसरी, चुकीचं वागणारी, त्यांना त्याचं फळ भोगावं लागतं. तिसरी, मधे अडकलेली, ती हळूहळू बदलतात. बघणारा त्या तिसऱ्याबरोबर स्वतः बदलेल, असा हिशेब. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी मोठं माणूस येऊन दोन शब्द बोलणार. ‘हम लोग’मध्ये हे काम सिनेमातले अशोक कुमार करायचे. आज असं झालं, तुम्हाला काय वाटतं, असं ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखं विचारायचे.

सुरुवातीला मालिकेत कुटुंब नियोजनाचा उपदेश फार होता. लोकांना ते आवडलं नाही. तेरा भागांनंतर उपदेश कमी केला आणि घरातल्या भानगडी वाढवल्या, तेव्हा मालिका लोकांनी डोक्यावर घेतली. पत्रांचा पाऊस पडला. सुमारे ४ लाख पत्रं आली असं सांगतात. बडकीचं लग्न कुणाशी व्हावं, आजारी आजीला मारू नका, असलं सगळं लोक कळवत होते. मालिकेबरोबर मॅगीची जाहिरात असायची. या मालिकेनं मॅगी नूडल्स आपल्या घराघरात नेल्या, हे तर आपल्या मुलांकडे बघूनही कळतं. जाहिरात लोकांना बरोबर समजली. मात्र भागवंतीच्या बाबतीत गोष्ट वेगळी झाली.

भागवंती ही मुद्दाम दुसऱ्या तऱ्हेची, म्हणजे ‘असं वागू नका’ म्हणून घडवलेली बाई होती. नवऱ्याचं ऐकून घेते, सासूचं ऐकून घेते, सगळ्यांचं करते आणि तोंडातून शब्द काढत नाही. बघणाऱ्या बायकांनी म्हणावं, मी अशी राहणार नाही, असा लिहिणाऱ्यांचा बेत होता. पुढे एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या अभ्यासकांनी बघणाऱ्यांना विचारलं, तेव्हा उलटंच दिसलं. कितीतरी लोकांना, आणि त्यात बायकाही होत्या, भागवंतीच आदर्श वाटली होती. बाई असावी तर अशी, असं त्यांचं म्हणणं.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता असं कोण म्हणणार? मग आम्ही समाजमंदिरात टीव्ही लावला. पंचवीस-तीस बायका होत्या. पहिला भाग संपला आणि मागून आवाज आला, “किती गुणाची बाई गं!” चार-पाच माना हलल्या. एक आजी म्हणाल्या, “अशी बाई होती म्हणून ते घर टिकलं.” त्यावर गटातली एक सून हळूच म्हणाली, “घर टिकलं आजी, पण तिचं काय टिकलं?” मग कुणीच बोललं नाही. त्या दिवशी चहा पिऊन सगळ्या घरी गेल्या.

याचं कारण आम्ही नंतर शोधलं. सोसणाऱ्या बाईला आपण लहानपणापासून चांगलं म्हणत आलो. आपली आई, आजी, सासू तशाच जगल्या. भागवंती चुकली असं म्हणायचं तर त्या सगळ्या चुकल्या असं होतं, आणि ते कुणाच्या तोंडातून निघत नाही. निघूही नये, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट होती का? म्हणून ‘भागवंती चांगली की वाईट’ हा प्रश्नच आम्ही सोडून दिला.

इथे डीव्हीडीचा उपयोग झाला. १९८४ साली मालिका सुरू झाली की पुढे जातच राहायची. मधे पोर रडलं, दूध उतू गेलं, तर तेवढं हुकलं. पत्र लिहायचं तर ते पोचायला आठवडा. आता आपल्या हातात रिमोट आहे. थांबवता येतं, मागे नेता येतं, तोच तुकडा पुन्हा लावता येतो. दुसऱ्या वेळेपासून आम्ही एका भागात तीनदा थांबलो. थांबलं की एकच प्रश्न: भागवंतीनं आज काय ठरवलं? फळ्यावर दोन रकाने आखले. एकात तिनं केलेली कामं, दुसऱ्यात तिनं घेतलेले निर्णय. पहिला रकाना फळ्याच्या खालपर्यंत गेला. दुसऱ्यात फारसं काही लिहायलाच मिळालं नाही.

मोजायला लागल्यावर तोंडं उघडली. कुणाला वाईट म्हणायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. आधी कोण जेवलं, पैसे कुणाच्या खिशातून आले, मुलीचं काय करायचं हे कुणाला विचारलं, बाई खोलीत आली तेव्हा कोण उठलं, कोण बसून राहिलं. ज्या आजींनी घर टिकलं म्हटलं होतं, त्यांनीच एकदा बोट दाखवलं, “थांबव, थांबव. तिला विचारलंच नाही बघ.”

चौथ्या बैठकीनंतर हाच प्रश्न घरी पोचला. आपल्या गटात कर्ज बाईच्या नावावर निघतं, हप्ता बाई भरते, पासबुकावर फोटो बाईचा. पण पैसे कशासाठी घ्यायचे हे कोण ठरवतं? महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी स्वतःचाच अर्ज पुढ्यात घेतला आणि म्हणाल्या, “हा मी ठरवलेला नाही. मला घरी बोलून येऊ द्या.” पुढच्या महिन्यात त्या आल्या, रक्कम निम्मी केली आणि कारण बदललं. शिलाई मशीनसाठी. एका मालिकेनं हे घडवलं असं आम्ही म्हणणार नाही. ताई आधीपासूनच मनात काहीतरी घेऊन बसल्या असतील. पण तो प्रश्न विचारायला त्यांना भागवंतीचा आधार झाला, एवढं खरं.

तुमच्या गटात करायचं असेल तर काही गोष्टी सांगतो. मालिका ‘हम लोग’च हवी असं नाही. तुमच्या आईनं डोळे पुसत पाहिलेली कुठलीही जुनी घरगुती मालिका चालेल. जुनीच बरी, कारण तिच्यातल्या माणसांवर बोललं तर शेजारणीला टोमणा मारल्यासारखं होत नाही. डीव्हीडी नसेल तर पेनड्राइव्ह टीव्हीला लावता येतो. एका वेळी एकच भाग लावा, जास्त नको, नाहीतर बायका गोष्टीत रंगतात आणि बोलणं राहून जातं. हिंदी न कळणाऱ्या आजीशेजारी कळणारी एक मुलगी बसवा. थांबायच्या जागा आदल्या दिवशी दोघींनी बघून ठरवा. आणि फळ्यावर फक्त टीव्हीतल्या घराचं लिहा. आपल्या घराचं जिला बोलायचं असेल ती आपणहून बोलेल, कुणाला विचारून भरीस पाडू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं. दारूडा बाप, गप्प बसलेली आई, हे बघताना एखादीला स्वतःचं आठवतं आणि ती उठून बाहेर जाते. तिच्यामागे गर्दी करू नका. एकीनंच जावं, पाणी द्यावं, शेजारी बसावं. घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्यासाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

भागवंतीला लिहिणाऱ्यांनी गप्प ठेवली, बघणाऱ्यांनी तिच्या गप्प बसण्याला शाबासकी दिली. आपण तिच्याबद्दल बोलू या. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की, वही मिटण्याआधी, एकमेकींना एवढंच विचारा: या महिन्यात तू काय ठरवलंस? उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या वेळी ती वाचून दाखवू. नमस्कार.