३० डिस्टिलरींच्या गावात स्प्रिंगबँक कशी टिकली?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून स्प्रिंगबँकची गोष्ट इथे जरा नीट मांडते. आधीच सांगते, व्हिस्की प्यावी की नाही हा आपला विषय नाही. ऑर्डर वाढल्या की धंद्यात काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपल्याला बघायचंय.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किंटायर नावाची जमिनीची लांब पट्टी समुद्रात गेलीय. तिच्या टोकाजवळ कॅम्पबेलटाउन हे छोटं बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात या एका गावात मिळून ३० पेक्षा जास्त व्हिस्की डिस्टिलरी सुरू झाल्या. १८८० च्या दशकात एकाच वेळी २१ चालू होत्या! कारणं सरळ होती. जवळच कोळशाची खाण, दारात बंदर आणि बोटीने थेट ग्लासगोची बाजारपेठ.

मग १९३४ साली किती उरल्या? फक्त दोन. स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कॉशिया.

एवढं सगळं बुडालं कसं?

एकच कारण नव्हतं. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, मग जागतिक मंदी आली, खाणही बंद पडली. पण एक कारण गावातलंच होतं. अनेक डिस्टिलरींचे मोठे गिऱ्हाईक होते ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून स्वतःच्या ब्रँडने विकणारे व्यापारी. त्यांना माल भरपूर हवा होता. तो पुरवायच्या घाईत काहींचा दर्जा घसरला. ब्लेंडर मग स्पेसाइड भागातल्या हलक्या चवीच्या व्हिस्कीकडे वळले. आणि नाव खराब झालं ते सगळ्या गावाचं.

स्प्रिंगबँक वेगळं काय करते?

ही डिस्टिलरी १८२८ मध्ये सुरू झाली. १८३७ पासून ती मिचेल कुटुंबाकडे आली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याकडे राहिली.

१. मोड आणायचं काम स्वतः. व्हिस्कीसाठी जव भिजवून त्याला मोड आणावे लागतात, आपण मटकीला आणतो तसेच. जव फरशीवर पसरून माणसं तो फावड्याने उलटत राहतात. बहुतेक डिस्टिलरी हा तयार माल मोठ्या कारखान्यांकडून घेतात. स्प्रिंगबँकमध्येही मधली तीनेक दशकं हे काम बंद होतं. १९९२ मध्ये त्यांनी ते परत सुरू केलं आणि आज लागणारा सगळा जव तिथेच तयार होतो.

२. एकाच जागेत तीन माल. मोड आलेला जव सुकवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला पालापाचोळा, तो कापून वाळवून सरपणासारखा वापरतात. स्प्रिंगबँक व्हिस्कीसाठी ६ तास पीटचा धूर आणि ३० तास गरम हवा. लाँगरो या दुसऱ्या मालासाठी ४८ तास धूर. तिसऱ्या हेझलबर्नला धूर अजिबात नाही. गाळायची पद्धतही वेगळी. लाँगरो दोनदा, हेझलबर्न तीनदा आणि स्प्रिंगबँक अडीचदा, म्हणजे काही भाग दोनदा तर काही तीनदा. जागा तीच, माणसं तीच, चवी मात्र तीन.

३. बाटली भरेपर्यंत माल हातात. पिंपात मुरवणं आणि बाटल्या भरणं दोन्ही तिथेच. वरून रंग घालत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, मागणी आहे तर दुप्पट बनवा ना!" इथेच गोम आहे. कायद्याने स्कॉच किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरावी लागते आणि स्प्रिंगबँकची सगळ्यात ओळखीची बाटली १० वर्षांची आहे. आज विकताय तो माल दहा वर्षांपूर्वी बनलाय. तेवढी वर्षं पैसा पिंपात अडकून असतो आणि दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. म्हणून आज या बाटल्या दुकानात येताच संपतात, तरी माल मोजकाच निघतो.

पण दर्जा सांभाळला की सगळं आपोआप जमतं, असं समजू नका. १९७९ नंतर सगळ्या स्कॉच उद्योगात साठा जास्त झाला, तेव्हा स्प्रिंगबँकचं उत्पादनही काही वर्षं बंद होतं. अशा वेळी तग धरायला शिल्लक लागते. ती नसेल तर चांगला मालही वाचवत नाही.

आणि गावाचं नाव? बंद पडलेली ग्लेनगाईल डिस्टिलरी याच घराण्याने विकत घेऊन २००४ मध्ये परत सुरू केली. कॅम्पबेलटाउन हा व्हिस्कीचा स्वतंत्र प्रदेश म्हणून टिकावा, हा त्यामागचा विचार. गावाची ओळख राहिली तर आपल्या मालाला किंमत राहते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता तुमचं काम

समजा तुम्ही गोडा मसाला विकता. डबा, लेबल, डिलिव्हरी हे सगळं बाहेर दिलं तरी चालेल. पण खोबरं आणि धणे भाजणं बाहेर दिलं तर चव तुमची राहील का? वहीत दोन यादी करा. एका बाजूला बाहेर देता येतील ती कामं, दुसऱ्या बाजूला कधीच द्यायची नाहीत ती. खाली हेही लिहा: विक्री थांबली तर भाडं, पगार आणि हप्ते किती महिने निघतील?

ही यादी मोठी ऑर्डर यायच्या आधी करा. ऑर्डर हातात पडल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. तुमच्या धंद्यात 'कधीच बाहेर द्यायचं नाही' असं काम कोणतं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!