टाळलेल्या आठवणीला सामोरे नेणारी उपचारपद्धती
अपघात, युद्ध किंवा अत्याचारानंतर जडणाऱ्या आघातोत्तर तणाव विकारात (पीटीएसडी) रुग्ण त्या प्रसंगाची आठवणच टाळू लागतो. त्याने तात्पुरते हायसे वाटते; भीती मात्र टिकून राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ उपचारपद्धती नेमकी उलट वाट धरते. साधारण ८ ते १५ सत्रांत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगतो. त्याचे ध्वनिमुद्रण घरीही ऐकायचे असते, आणि खरा कस तिथेच लागतो. जोडीला, सुरक्षित असूनही टाळलेल्या जागी तो टप्प्याटप्प्याने जाऊ लागतो. आठवण पुसली जात नाही. तिच्यातून आता धोका नाही, हे मनाला उमगते. सुरुवातीला त्रास वाढू शकतो, काही जण उपचार अर्धवटही सोडतात. त्यामुळे प्रशिक्षित तज्ज्ञाची सोबत आवश्यक ठरते.